पूर्णिमाचा वाटा

सात तारखेला संध्याकाळी भरमाण्णाच्या घरात पाऊल टाकू नये, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वाटीभर साखर मागायला गेलेली बाईसुद्धा उंबऱ्यावरून परत फिरायची. सात तारखेला भरमाण्णाचा पगार व्हायचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतून सुटला की हा गडी थेट एटीएमवर जायचा, होते नव्हते तेवढे पैसे काढायचा, घरी येऊन हातपाय धुवायचा आणि पुढच्या सोप्यात चटई टाकून पैशांचे वाटे मांडायला बसायचा. पंखा बंद, नोटा उडतात म्हणून. दार अर्धं ओढलेलं. समोर त्याची बायको मंगल, पदर खोचून, जणू काही हिचीच परीक्षा आहे.

सगळं जग मोबाईलवरून पैसे देतं, तुम्ही का देत नाही, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "मोबाईलातला पैसा दिसत न्हाय रं. न दिसनाऱ्या गोष्टीचा काय भरोसा?" दिसायला हवा म्हणजे हवा. मग एकेक वाटा चटईवर पडायचा आणि प्रत्येक वाट्याचं नाव तो मोठ्यानं घ्यायचा. किराणा. दूध. गॅस. लाईटबिल. दवाखाना. भिशी. आहेर-लग्नकार्य. किरकोळ. आणि शेवटी, सगळ्यांत जाड, जत्रा. प्रत्येक नावाला मंगलनं "व्हय" म्हणायचं. आता ती नाही म्हणणार होती थोडीच! पण तिचं "व्हय" आल्याशिवाय त्याचा हात पुढच्या वाट्याकडे जात नसे. एकदा तिला ठसका लागला, तर हा नोटा हातात धरून तसाच थांबला. "व्हय म्हन की."

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. फौंड्रीत त्याच्याबरोबर लागलेल्या कितीतरी जणांनी पगार कुठे कुठे घातला ते गावाला माहीत आहे. भरमाण्णानं याच वाट्यांतून घरावर स्लॅब टाकला, आईबापाचं शेवटपर्यंत केलं, कुणाच्या दारात हात पसरला नाही. मंगलला त्याचा अभिमान होता. नंदगडची पोर ती, एकोणिसाव्या वर्षी या घरात आली. सासू पहिल्या महिन्यातच म्हणाली होती, "माझा ल्योक बोलत न्हाय फार, पर म्हैना चुकवत न्हाय." खरंच चुकवला नाही. मंगल सुगीत दुसऱ्याच्या शेतात रताळी काढायला जायची, तिची मजुरीही त्याच चटईवर यायची. पुढे सरकारचे दोन हजार घरच्या बाईच्या नावावर येऊ लागले, तेही तिनं आणून चटईवर ठेवले. त्यानं मागितले नव्हते. पण एकदा ठेवले, दुसऱ्यांदा ठेवले, आणि मग तीच रीत पडली.

तिच्या नावाचा वाटा तेवढा चटईवर कधी पडला नाही. बांगड्या, कुंकू, डोकेदुखीची गोळी, सगळं किरकोळमध्ये. बरं, किरकोळमधला रुपया गेला कुठे, हेही सांगायचं. तिला त्याचंही कधी फारसं वाटलं नाही. पोट भरत होतं, अंगावर धड होतं.

वाटलं ते एकाच गोष्टीचं. आणि या वर्षी ते वाटणं अगदी गळ्याशी आलं होतं, कारण गावाची जत्रा आली होती.

आमच्या भागात लक्ष्मीची जत्रा दरवर्षी येत नाही. एकेका गावाला वीस वर्षांनी येते, पंचवीस वर्षांनी येते. या गावाची मागची जत्रा होऊन सव्वीस वर्षं झाली होती. जत्रा आली की गावच्या गाव अंगाला रंग फासून घेतं. घरांना नवे दरवाजे, नव्या फरशा. गाव वार पाळतं, म्हणजे मंगळवारी शेतात कुणी पाऊल टाकत नाही, सुईत कुणी दोरा ओवत नाही. आणि मग ते आठ-दहा दिवस! घरापुढे मांडव, मांडवात बकऱ्याच्या मटणाचे हंडे, पंगतीवर पंगती. कुणाच्या दारात किती पानं उठली ते लोक पुढच्या जत्रेपर्यंत सांगत बसतात.

पण खरा मान असतो लेकींचा. या गावातून लग्न होऊन गेलेली प्रत्येक लेक जत्रेला येते, मग ती विशीतली असो की काठी टेकत येणारी असो. आणि ती अशीच येत नाही. तिला आवतण द्यायला माहेरचा माणूस तिच्या दारात जातो. बाप, नसेल तर भाऊ. जावयाला नारळ, लेकीला कुंकू, आणि तोंडानं सांगायचं, "जत्रेला ये." फोनवरच्या सांगण्याला आमच्याकडे कुणी आवतण म्हणत नाही. आईनं जाऊन चालत नाही. कुणी घातला असला नियम देव जाणे, पण आहे.

मंगलला एकच लेक. पूर्णिमा. तिला भाऊ नाही. म्हणजे आवतण द्यायचं तर भरमाण्णानंच. आणि भरमाण्णानं नऊ वर्षं लेकीचं नाव घेतलं नव्हतं.

पूर्वी चटईवर पूर्णिमाचा वाटा असायचा. बेळगावातल्या कॉलेजात बी.कॉम.ला होती ती. फी, पुस्तकं, बसचा पास. किराण्याच्याही आधी तो वाटा पडायचा. भरमाण्णा नाव घ्यायचा, "पूर्णीचं," आणि त्या एका वाट्याला मंगलबरोबर पूर्णिमाही आतून ओरडायची, "व्हय!" मग तिघंही हसायची. तो हसलेला दिसायचा तो तेव्हाच, महिन्यातून एकदा.

शेवटच्या वर्षाला असताना तिनं निपाणीच्या एका जैन मुलाशी लग्न केलं. वृषभ त्याचं नाव, तिच्याच वर्गातला, घरचं भांड्यांचं दुकान. रीतसर येऊन मागणी घातली होती त्यानं, बापाला, श्रीपालण्णांना घेऊन. भरमाण्णानं चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. बाहेर सांगायचा, पोरगा चांगला हाय हो, पण जात वेगळी, रीत वेगळी. मंगलला मात्र त्यानं वेगळंच सांगितलं. "जावई म्हंजे जत्रंच्या पंगतीचा पयला मानकरी. ह्यो मटनाला शिवनार न्हाय, दिवस मावळल्यावर घास घेनार न्हाय. त्येच्या म्होरं मी वाढायचं काय?" मंगलला आधी हसूच आलं. जत्रा कधी, लग्न कधी! मग तिच्या लक्षात आलं की तो चेष्टा करत नाही. या माणसानं पोरगी कॉलेजात जायच्या आधीपासून जत्रेचा वाटा टाकायला सुरुवात केली होती. त्या पंगतीत पहिल्या पानावर कोण बसणार, हे त्यानं मनात कधीच मांडून ठेवलं होतं.

पूर्णिमानं कचेरीत लग्न केलं. पुढच्या सात तारखेला भरमाण्णा वाटे मांडायला बसला, आणि सवयीनं पहिला वाटा पडला तो तिचाच. नाव घेतलं नाही. तोंड नुसतं उघडलं. कितीतरी वेळ तो त्या नोटांकडे बघत राहिला, मग त्या उचलल्या आणि जत्रेच्या वाट्यावर ठेवल्या. म्हणाला, "जत्रा." मंगलला "व्हय" म्हणावं लागलं. आयुष्यात एवढा कडू शब्द तिनं कधी तोंडातून काढला नव्हता. त्यानंतर दर महिन्याला ते पैसे तिथेच पडत गेले.

लेकीला बघावं, तर निपाणीला जाऊन यायला दोनेकशे रुपये लागायचे. ते मागायचे कुणाकडे? किरकोळमधून घ्यावेत, तर हिशोब द्यावा लागणार. शेजारणीच्या फोनवर कधीमधी बोलणं व्हायचं, तेही बाहेर उभं राहून, हळू आवाजात. नात झाली ते असंच फोनवर कळलं. ब्राह्मी नाव ठेवलं. मंगल त्या दिवशी बांधावर बसून पोटभर रडली आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या.

मग दोन वर्षांपूर्वी बायकांना सरकारी बस फुकट झाली.

गावातल्या बायकांना पहिल्यांदा खरंच वाटेना. मग सगळ्या मिळून सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आल्या. येताना मंगलनं कंडक्टरला विचारलं, "ह्ये फुकट कुठवर हाय म्हनायचं? निपाणीलाबी हाय काय?" तो म्हणाला, "आधार कार्ड आहे न्हवं? मग बीदरपर्यंत जा की मावशी, कोण अडवतंय!" बायका फिदीफिदी हसल्या. मंगल हसली नाही. ती खिडकीतून बाहेर बघत बसली.

पुढच्याच आठवड्यात भरमाण्णा सकाळी कामावर गेल्यावर तिनं घर आवरलं, कुलूप लावलं, बेळगावच्या स्टँडवर आली आणि निपाणीच्या बसमध्ये बसली. काकती गेलं, हत्तरगी गेली, संकेश्वर आलं, तरी कुणी तिला उतरवलं नाही. शून्य रुपयाचं तिकीट तिनं मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की त्याचा लगदा झाला. निपाणीत विचारत विचारत भांड्यांच्या दुकानापर्यंत गेली. समोरच्या बाजूला उभी राहिली. दुकानाच्या पायरीवर एक पोर पाटीवर काहीतरी गिरवत बसली होती, कपाळ अगदी पूर्णिमाचं. मंगल बराच वेळ उभी राहिली आणि तशीच माघारी फिरली. धीरच झाला नाही हो.

दुसऱ्या महिन्यात पुन्हा गेली, पुन्हा तिथेच उभी. या वेळी दुकानातून एक पांढरी साडी नेसलेली बाई रस्ता ओलांडून सरळ तिच्यापाशी आली. वृषभची आई, त्रिशलाबाई. त्यांचे यजमान श्रीपालण्णा वर्षापूर्वीच गेले होते. "तुम्ही पूर्णिमाच्या आई ना?" त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेलाही इथंच उभ्या होता. मी तिला बोलले नाही, म्हटलं वाट बघावी. आता चला आत. उन्हात किती उभ्या राहणार?" आणि हाताला धरून घेऊन गेल्या. मायलेकींचं काय झालं ते सांगत बसत नाही. ज्याला लेक आहे त्याला कळेल.

तेव्हापासून मंगल महिन्यातून एकदा निपाणीला जायची आणि पाच वाजायच्या आत परत यायची. भरमाण्णाला पत्ता नव्हता. तिनं खोटं एकदाही सांगितलं नाही, सांगायची वेळच आली नाही. रुपया कुठे गेला ते तो विचारायचा. दिवस कुठे गेला, हे त्यानं लग्नापासून कधी विचारलं नव्हतं.

जत्रेच्या आधीच्या फेब्रुवारीत सात तारीख आली. भरमाण्णानं वाटे मांडले. जत्रेच्या वाट्याशी आल्यावर जरा खुशीत होता. पाहुण्यांची नावं मोजू लागला. त्याच्या दोन्ही बहिणी, चुलतबहिणी, त्यांच्या साड्या, जावयांचे आहेर. "एवढ्यात बसतंय सगळं," तो म्हणाला. "कुनाला कमी पडायचं न्हाय."

"माझं दोन हजार ह्या म्हैन्यात वाट्यांत धरू नका," मंगल म्हणाली.

त्याचा हात थांबला. "का?"

"साडी घ्यायची हाय."

"घे की. तुला कवा न्हाय म्हनलोय? जत्रंच्या साड्यांत घालू."

"मला न्हवं. पूर्णीला."

भरमाण्णानं नोटा खाली ठेवल्या. "त्ये नाव ह्या चटईवर घ्यायचं न्हाय, सांगून ठिवलंय."

"सांगून ठिवलंय व्हय," मंगल म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. तीस-बत्तीस वर्षांत चढला नव्हता, तो चढला. "आनि जत्रंच्या वाट्यात काय हाय वो? निम्मा पैसा तिचाच न्हाय? तिच्या फीचा, तिच्या पासाचा. नऊ वर्सं तुमी तिचा वाटा उचलून तिथं ठिवलाय, आनि मी व्हय व्हय म्हनत आलोय. तिच्या पैशानं सगळा गाव जेवनार, तुमच्या भैनी साड्या नेसून मिरवनार, आनि तीच तेवढी न्हाय! असली जत्रा देवीला तरी गोड लागंल काय?"

"तिनं आमाला सोडलंय. आमी न्हाय सोडलं."

"न्हाय सोडलं तिनं. दर म्हैन्याला इचारतीया, आप्पा कसं हायत म्हनून."

"कुनाला इचारतीया?"

झालं. आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि खरं तर तिला लपवायचंही नव्हतं. "मला. मी जातोय निपाणीला. दोन वर्सं झाली."

भरमाण्णा तिच्याकडे बघतच राहिला. राग येईल, हात उगारेल, असं तिला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. त्याच्या तोंडावर आलं ते वेगळंच. रस्त्यात वाट चुकलेल्या माणसाचा चेहरा होतो ना, तसं काहीतरी. "पैसं?" तो म्हणाला. "पैसं कुठनं आनलीस?"

"पैसं लागतच न्हाईत. बायकांना बस फुकट हाय."

तो उठला. दार उघडून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला. वाटे तसेच चटईवर पडून राहिले. शेवटी मंगलनंच ते गोळा केले, प्रत्येक वाटा वेगळ्या रुमालात, आणि आपले दोन हजार तेवढे बाजूला काढून डब्यात ठेवले.

त्यानंतर महिनाभर भरमाण्णा बोलला नाही. भांडला असता तर परवडलं असतं. जेवायचा, कामावर जायचा, येऊन बसायचा. पैसे मोजून मोजून ज्यानं घर धरून ठेवलं, त्याच्या नाकाखालून घर महिन्याच्या महिन्याला निपाणीला जाऊन येत होतं, आणि त्याला एका रुपयाची खबर नव्हती. हे त्याला किती लागलं होतं ते मंगलला दिसत होतं. तिला त्याची दया यायची आणि पुढच्याच क्षणाला रागही यायचा. घ्या म्हणावं. नऊ वर्षं मला लागलं, तुम्हांला एक महिना लागू दे. तरी रात्री त्याच्या ताटात भाकरी टाकताना तिचा हात जड व्हायचा. जत्रा जवळ येत होती. बाकीच्या घरांतून माणसं आवतण द्यायला बाहेर पडली होती, कुणी गडहिंग्लजला, कुणी खानापूरला, कुणी पार पुण्याला. आणि मंगलच्या मनात एकच. हा उठला नाही तर गेलं. पोरीचा या जन्मातला मान गेला.

एका रविवारी जत्रा कमिटीची माणसं घरोघर वर्गणीला आली. कमिटीनं यंदा ठरवलं होतं की गावच्या प्रत्येक लेकीची ओटी गावातर्फे भरायची. रवळू पाटील कट्ट्यावर टेकला आणि म्हणाला, "भरमाण्णा, तुमच्या घरच्या लेकी किती? माझ्या माहितीत तुमच्या दोन भैनी. दोनच लिवू न्हवं?"

मंगल आत चुलीपाशी होती. तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

भरमाण्णा रस्त्याकडे बघत होता. रवळूला वाटलं ऐकू गेलं नाही. "दोन लिवू?"

"थांब," भरमाण्णा म्हणाला. "आताच लिवू नको. मी सांगतो तुला."

"अवो, पर यादी आज..."

"सांगतो म्हनलं न्हवं!" तो असा खेकसला की रवळू पाटील चहा न घेताच उठला. मंगल पिठाच्या हातानंच डोळे पुसत बसली.

मार्चची सात तारीख आली. पगार झाला. मंगलला वाटलं, आज मांडतो की नाही कुणास ठाऊक. पण त्यानं चटई टाकली, पंखा बंद केला. एकेक वाटा पडत गेला. आवाज नेहमीपेक्षा बारीक. किराणा, व्हय. दूध, व्हय. जत्रा, व्हय. सगळं झालं आणि त्याच्या हातात थोड्या नोटा उरल्या. त्या त्यानं चटईच्या कडेला वेगळ्या ठेवल्या. नाव घेतलं नाही.

"ह्यो कशाचा?" मंगलनं विचारलं.

"माझ्या तिकिटाचा," तो खाली बघत म्हणाला. "निपाणीचा. तुला फुकट हाय. मला कोन सोडतंय?"

मंगलला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

रविवारी दोघं निघाली. त्यानं धुतलेला सदरा घातला होता, टोपी घातली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ आणि कुंकवाचा करंडा. संकेश्वर मागे पडलं. पुढे अचानक म्हणाला, "वेगळी चूल मांडू. घरामागं परड्यात. तिथं मटनाची पळी जानार न्हाय. आनि दिवस मावळायच्या आत त्येंचं पान वाढू."

"व्हय," मंगल म्हणाली.

"कांदा-लसूनबी खात न्हाईत न्हवं त्ये लोक?"

"त्रिशलाबाई खात न्हाईत. जावई खात्यात."

"बरं," तो म्हणाला, आणि मांडीवरची पिशवी सावरून बसला.

दुकानाच्या पायरीवर ब्राह्मी बसली होती. तिनं आजीला ओळखलं, पळत आली, मिठी मारली. मग तिच्या मागच्या टोपीवाल्या माणसाकडे बघितलं आणि आत ओरडली, "आई गं, आजी आलीय! आणि एक काका पण आलेत!"

भरमाण्णा रस्त्यातच उभा राहिला. मंगलनं त्याच्या कोपराला धरलं नसतं, तर तो तिथून माघारी फिरला असता, असं तिला आजही वाटतं.

वृषभ गल्ला सोडून उठला, पाया पडला. त्रिशलाबाईंनी पाट टाकले, पाणी दिलं. पूर्णिमा आतून आली. भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या केसांत एक-दोन पांढरे दिसत होते. भरमाण्णाची नजर तिथेच अडकली. घर सोडून गेली तेव्हा या पोरीच्या दोन वेण्या होत्या.

त्यानं उठून पिशवीतून नारळ काढून वृषभच्या हातात दिला. करंडा उघडला. लेकीच्या कपाळाला कुंकू लावायला बोट उचललं, तर निम्मं कुंकू तिच्या नाकावरच सांडलं. "जत्रा हाय," तो म्हणाला. पुढे सांगायचं होतं ते सगळं बसमध्ये ठरवून आला होता, वेगळी चूल, दिवस मावळायच्या आत पान, पहिल्या पंगतीचा मान. त्यातलं काहीच तोंडातून येईना. "जत्रेला ये, पूर्णे."

पूर्णिमानं नाकावरचं कुंकू पुसलं नाही. "येतो की आप्पा," ती म्हणाली. "आवतण आलंय म्हंजे येनारच." मग थांबली. तिचा आवाज बापासारखाच होता, हळू आणि घट्ट. "पर मागची जत्रा झाली तवा मी पाच वर्सांची हुतो. तुमच्या खांद्यावर बसून रथ बघितला. पुढची जत्रा येईल तवा मी तुमच्या आत्ताच्या वयाची असीन. तुमी असशिला काय तवा? जत्रेपुरतं बोलावून मला काय करायचंय, आप्पा? एक जत्रा झाली की परत गप्प, आसं असंल तर न्हाय आलेलं बरं."

मंगलनं लेकीकडे डोळे वटारले. एवढं होत आलं होतं, आणि ही पोर आता हे काय बोलली! त्रिशलाबाई खाली बघू लागल्या. वृषभ नारळ हातात धरून उभाच होता.

भरमाण्णानं पाटावर बसून मान खाली घातली. टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवत राहिला. सगळ्यांना वाटलं, आता उठून जातो.

"सात तारखेला पगार हुतोय," तो म्हणाला. "दर म्हैन्याच्या सात तारखेला. तवा येत जा. तू व्हय म्हनल्याबिगर मी पयला वाटा मांडनार न्हाय."